मोतीसागरचा इतिहास, सातवी ब

१९८४ च्या ऑगस्टमध्ये मी सातवी बच्या मुलांना ‘माझे वडील’ या विषयावर निबंध लिहायला दिला होता. विमल गांगुर्डेच्या वहीत एका वाक्याखाली मी लाल रेघ ओढली आणि समासात लिहिले, ‘खरे तेच लिहावे.’ वाक्य असे होते: ‘माझे वडील मासे धरणाऱ्या बोटीवरून एकाहत्तरच्या लढाईत होते.’

आमची शाळा नाशिकरोडच्या पुढे, एकलहऱ्याच्या वाटेवर होती. मुले बहुतेक वीज केंद्रातल्या कामगारांची, काही आजूबाजूच्या मळ्यांतली. विमलचे वडील सहादू गांगुर्डे वीज केंद्रात फिटर होते, मूळचे सिन्नर तालुक्यातले. सिन्नरच्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध काय, असा विचार करून मी रेघ ओढली होती. त्यापलीकडे मी काही विचार केला नव्हता.

चुकलेले वाक्य दुरुस्त करून पाच वेळा लिहून आणायचे, असा माझ्या वर्गाचा नियम होता. दुसऱ्या दिवशी विमलने तेच वाक्य पाच वेळा लिहून आणले. एक काना-मात्रा बदलली नव्हती. मी विचारले, दुरुस्ती कुठे आहे. ती बाकाजवळ उभी राहिली, हात मागे बांधले आणि म्हणाली, चूक असती तर केली असती. मागच्या बाकावर कोणीतरी हसले. ती मागे वळली नाही.

मुलांना शिकवताना मी एक पथ्य पाळत आलो आहे. मूल हट्टाने काही सांगत असेल, तर त्याला गप्प करण्याआधी एकदा जाऊन बघावे. त्या रविवारी मी सायकल काढून वीज केंद्राच्या वसाहतीत गेलो.

सहादू दारातच मुलाच्या सायकलची चेन बसवत होते. चाळिशीचा माणूस, बुटका, रुंद मनगटांचा. वही पुढे केली तशी त्यांनी हात पुसले, वाक्य वाचले, माझी रेघही वाचली. रागावले नाहीत. मला विचारले, समुद्र पाहिला आहे का. मी म्हणालो, दोनदा, चौपाटीवरून.

“मंग तुमाला दिसला नाय गुरुजी,” ते म्हणाले. “या, बसा.”

त्यांच्या पत्नी लताबाई चहा घेऊन आल्या. त्या म्हणाल्या की लग्न होऊन आल्यापासून त्या ही बोट ऐकत आहेत. पाहुणा उठून जातो, पण यांचे इंजिन काही बंद होत नाही. कामावरही त्यांना सगळे ‘ॲडमिरल’ म्हणतात, कोणाला चहा सांगायचा असला की ‘ॲडमिरलना पाठवा’ म्हणतात. हे सांगताना त्या हसत होत्या, पण सहादू हसले नाहीत. बारा वर्षांत त्यांच्यावर विश्वास ठेवणारी माणसे दोनच होती, त्यांची दोन मुले. त्यातल्या एकीच्या वहीत मी रेघ मारली होती.

मी उठलो तेव्हा सहादूंनी मला एकच गोष्ट मागितली. “माझं नाव कुठं लावू नका, हार घालू नका. माझ्या पोरीनं खोटं लिवलं नाय, एवढं ठरलं पायजे.”

हे ठरवायला जागाही आयती तयार होती. शाळेला पंचवीस वर्षे होत होती. त्यानिमित्त दरवाजाजवळ एक दगडी फलक बसवायचा, त्यावर एकाहत्तरच्या लढाईत भाग घेतलेल्या परिसरातल्या माणसांची नावे कोरायची, असे ठरले होते. त्यासाठी नेमलेल्या समितीचे प्रमुख धोंडीराम बोरस्ते. तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता शेती बघणारे, सरळ आणि कडक. सात नावे झाली होती. नाव नको असे सहादू म्हणाले होते, तरी विमल खरी ठरेल म्हणून मी आठवे सांगितले.

बोरस्त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले की स्वतःचे कागद त्यांच्याकडे आहेत, बाकी सहा जणांचेही त्यांनी पाहिले आहेत, तुमच्या माणसाचा कागद आणा. मी म्हणालो, तो नौदलात नव्हता, नौदलाने घेतलेल्या बोटीवर होता.

“मास्तर, अशानं उद्या कोणी येऊन सांगेल, आमच्या बैलगाडीतून दारूगोळा गेला.”

मी हे सहादूंना जसेच्या तसे सांगितले. ते म्हणाले, गेला असेल तर त्याचेही लिहावे.

मी नौदलाच्या मुंबईच्या कचेरीला पत्र टाकले. उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर मी दुसरे काम सुरू केले, आणि ते मला फार आवडायचे काम होते. सातवी बला मी सांगितले की आपण एका बोटीचा इतिहास लिहायचा आहे. पुस्तकात नाही असा. प्रत्येकाने एकच प्रश्न विचारायचा, त्याचे जे उत्तर मिळेल तेवढेच एका कागदावर लिहायचे. मनाचे काही घालायचे नाही. वर्गात एकेचाळीस मुले होती, म्हणजे एकेचाळीस कागद.

सहादूंची पहिली पाळी असेल त्या आठवड्यात ते शनिवारी शेवटच्या तासाला येत. अंगावर कोळशाची बारीक पूड असे. पहिल्या दिवशी त्यांनी खडू घेऊन फळ्यावर बोट काढली, मधून उभी कापल्यासारखी. पुढे जाळे ओढायचा रहाट, मध्ये सुकाणूची खोली, खाली मासे आणि बर्फ ठेवायची कोठी, आणि मागे, पाण्याच्या पातळीखाली, इंजिन. बोट त्यांनी दोन मिनिटांत काढली. इंजिन काढायला पंधरा मिनिटे घेतली.

मुलांनी विचारले आणि त्यांनी सांगितले, त्यातून जो इतिहास झाला तो असा.

मोतीसागर ही पंचावन्न फुटी लाकडी ट्रॉलर. एकोणीसशे त्रेसष्टमध्ये कोकणातल्या एका खाडीवर बांधली. सागाच्या फळ्या, तळाला डांबर. मालक मुंबईचा, कोळंबी परदेशी पाठवणारा. आठ माणसे. बोट चालवतो तो तांडेल, जाळी ओढतात ते खलाशी, आणि इंजिन बघतो तो ड्रायव्हर. दहा-दहा दिवस बोट समुद्रात राही. सहादू तिच्यावर सासष्टमध्ये गेले. त्यांना पोहता येत नव्हते. शेवटपर्यंत आले नाही.

मग बोटीवर घेतले कसे, हा प्रश्न विमलचा होता. तिला उत्तर माहीत होते, पण तिला ते वर्गापुढे यायला हवे होते.

सहादू म्हणाले, विहिरीमुळे. त्यांच्या गावात चार शेतकऱ्यांच्या सामाईक विहिरीवर एक ऑइल इंजिन होते. जडशीळ, दोन मोठ्या चाकांचे. ते चालू करायची हातोटी फक्त सहादूंच्या हातात होती, वयाच्या पंधराव्या वर्षापासून. त्या विहिरीचे पाणी प्यायची त्यांच्या घराला मनाई होती. इंजिन मात्र तेच चालवत.

एका मुलीने विचारले, मग तहान लागल्यावर काय करायचे. सहादू म्हणाले, घरून मडके नेत होतो. त्यांचा आवाज बदलला नाही. मुलीने ते तसेच लिहून घेतले. काही उत्तरांवर शिक्षकाने बोलू नये.

सासष्टमध्ये विहिरीवर भांडण झाले आणि सहादू मुंबईला मावसभावाकडे गेले. धक्क्यावर मोतीसागरचे इंजिन तीन दिवस चालू होत नव्हते. ते त्यांनी चालू केले. संध्याकाळी बोट निघाली तेव्हा ते बोटीवरच होते.

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात नौदलाने मोतीसागर ताब्यात घेतली. जाळी उतरवली, रहाट काढला, त्या जागी एक मशीनगन बसवली. बोट राखाडी रंगाने रंगवली. पुढच्या फळीवरचे ‘मोतीसागर’ हे नाव खरवडून तिथे एक आकडा लिहिला. खलाशांना घरी पाठवले आणि नौदलाचे सात जण आले, वर एक साहेब. सहादूंनाही उतरवणार होते. पण इंजिन त्यांच्या मेकॅनिककडून चालू झाले नाही, तेव्हा सहादूंना परत बोलावले.

“ते मोठ्या जहाजावरचे लोक,” सहादू मुलांना सांगत होते. “तिथं चालायला रस्ते असत्यात. आमची बोट म्हंजे पाण्यावर लोळणारं गाढव. पहिल्या दिवशी सातातले पाच जण ओकले. गनवाला तर गनला मिठी मारून बसला व्हता.”

वर्ग हसून लोटपोट झाला. राखाडी रंगाखालून माशांचा वास काही जाईना. शेवटी साहेबांनीच डाळीला कंटाळून विचारले, गळ टाकता येतो का. लढाईच्या बोटीवर रोज रावस शिजू लागला. हा कागद चिमाजी नावाच्या मुलाचा होता आणि त्याने शिजवायची कृतीही लिहून घेतली होती.

काम काय होते? बंदरापासून पंधरा मैलांवर फेऱ्या घालायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांना थांबवून तपासायचे. पाण्यातून काही वर आलेले दिसते का ते बघायचे. मोठी जहाजे लांब लढायला गेली होती. दारात राखणीला असल्या मासेमारी बोटी ठेवल्या होत्या.

गोरक्ष नावाचा मुलगा पहिल्या दिवसापासून हात वर करून बसला होता. त्याचा प्रश्न होता, तुम्ही किती शत्रू मारले.

“एक बी नाय. एक उंदीर पट्ट्यात सापडला, तो बी आपलाच.”

गोरक्षचा चेहरा पडला. त्याने कागदावर ‘एकही नाही’ एवढेच लिहिले आणि उरलेल्या जागेत तोफ काढली. तोफ मी खोडायला लावली. बोटीवर होती ती मशीनगन काढ म्हटले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून उत्तर आले. इंग्रजीत होते, टाइप केलेले, खाली शिक्का. ‘मोतीसागर’ ही मासेमारी बोट १७ नोव्हेंबर १९७१ ते ४ फेब्रुवारी १९७२ या काळात ताब्यात घेतली होती, असे पहिल्या वाक्यात होते. दुसऱ्या वाक्यात होते की बोटीवरील मुलकी इंजिनचालक एस. के. गांगुर्डे यास ११ डिसेंबर १९७१ रोजी हुकूम न पाळल्यामुळे किनाऱ्यावर उतरवण्यात आले.

मी ते शिक्षकांच्या खोलीत तीनदा वाचले. मला कागद हवा होता, तो मिळाला होता. माणूस बोटीवर होता याचा पुरावा आणि त्याची बदनामी एकाच ओळीत होती.

संध्याकाळी मी तो सहादूंच्या हातात ठेवला आणि मराठीत सांगितला. त्यांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, तारीख बरोबर आहे.

त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितले ते पुढच्या शनिवारी मुलांनाही सांगितले. अकरा डिसेंबरची सकाळ. उजाडले होते, पण समुद्रावर धुके होते, हातभर अंतरावर पांढरी भिंत. दोनच दिवसांपूर्वी आपले एक मोठे जहाज पाणबुडीने बुडवले होते. ती बातमी बोटीवर आली होती आणि तेव्हापासून कोणी मोठ्याने बोलत नव्हते. साहेबांना पाण्यात कसलातरी आवाज आल्यासारखे वाटले. त्यांनी खाली निरोप दिला, इंजिन बंद करा, ऐकायचे आहे.

मोतीसागरचे इंजिन दाबाच्या हवेने चालू होई. लोखंडी बाटलीत हवा भरलेली असे, ती सोडली की इंजिन फिरायचे. ती बाटली भरणारे यंत्र चार दिवसांपासून बिघडले होते. सुटा भाग मिळत नव्हता, सगळ्या धक्क्यावर लढाईची धावपळ होती. बाटलीत एका वेळेपुरती हवा होती आणि ती बारीक गळत होती. काटा रोज थोडा खाली येत होता. सहादूंनी वर कळवले, बंद केले तर पुन्हा चालू होईल याची खात्री नाही. वरून उत्तर आले, हा हुकूम आहे.

“आमच्या विहिरीवर एक रीत व्हती,” सहादू मुलांना म्हणाले. “पाण्याची पाळी बदलायची, मानूस बदलायचा, इंजिन बंद करायचं नाय. एकाचं भिजवून झालं की त्यानं दुसऱ्याला हाक मारायची आन् चालू इंजिन हवाली करायचं. सकाळच्या थंडीत ते चालू करायला चार मानसं लागायची. कोणी बंद करून गेला तर चार घरं त्याच्या नावानं खडे फोडायची. सात वर्सं मी त्येच केलं. हाताला त्येच ठावं व्हतं.”

त्यांनी इंजिन अगदी हळू केले. पण बंद केले नाही. साहेब स्वतः खाली आले, पुन्हा हुकूम दिला. सहादू इंजिनच्या कळीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, तुम्ही मला पाण्यात टाका, पण हे बंद करू नका. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिले. इंजिनची त्यांनाही खात्री नव्हती. ते वर निघून गेले.

गोरक्षने विचारले, मग पुढे काय झाले.

“काय नाय. नऊ वाजता धुकं उठलं.”

“पाणबुडी?”

“दिसली नाय.”

“म्हणजे तुमचं बरोबर होतं का चूक?”

सहादूंनी खडू खाली ठेवला. ते म्हणाले, ते मलाही माहीत नाही. कदाचित चालू झालेही असते. साहेबांना ऐकायचे होते, त्यांचेही खोटे नव्हते. पण खाली इंजिनपाशी मी होतो.

दुपारी बोट धक्क्याला लागली आणि त्यांना उतरवले. त्यांनी कोणाची माफी मागितली नाही. त्र्याहत्तरमध्ये ते एकलहऱ्याला कामाला लागले. मोतीसागर मालकाला परत मिळाली तेव्हा तिच्या पुढच्या फळ्यांना मशीनगनच्या बोल्टांची आठ भोके होती. त्यातून पाणी येई. शहात्तरच्या वादळात ती धक्क्यालाच बांधलेली असताना बुडाली. तिचे लाकूड भट्टीवाल्याने नेले. हा शेवटचा, एकेचाळिसावा कागद.

इथे मला माझी दुसरी चूक सांगितली पाहिजे. समितीची बैठक जानेवारीत होती. तिच्या आदल्या दिवशी मी सहादूंना बाजूला घेऊन सुचवले की धुक्यातून एखादे जहाज अंगावर आले, इंजिन चालू होते म्हणून बोट बाजूला घेता आली, असे काही घडले होते का, आठवून बघा. मी ‘आठवून बघा’ म्हणालो, पण मला काय म्हणायचे होते ते आम्हा दोघांनाही कळले होते.

“गुरुजी, तुमीच लिवलं व्हतं ना वहीत, खरं त्येच लिवावं.”

बैठक हेडमास्तरांच्या खोलीत झाली. बोरस्ते, आणखी दोघे सभासद, हेडमास्तर आणि मी. सहादू पहिली पाळी संपवून तसेच आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. पत्र वाचा म्हणाले. मी वाचले, दुसरे वाक्यही.

“झालं,” बोरस्ते म्हणाले. “आता काय राहिलं?”

“सगळंच राहिलं. तुमी म्हनत व्हते, हा मानूस लढाईत नव्हता. ह्यो कागद म्हनतो, व्हता.”

“हुकूम मोडला म्हणून हाकलला, असंही म्हणतो.”

“म्हनू द्या की. मी कुठं नाय म्हनतो?”

बोरस्त्यांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले की त्यांच्या तोफेवरचे दोघे हुकूम पाळत जागच्या जागी गेले. त्या दोघांच्या नावांखाली हुकूम मोडणाऱ्याचे नाव कोरायचे असेल तर आधी त्यांचे स्वतःचे नाव काढावे. ते मनापासून बोलत होते. मला त्यांचा राग आला नाही.

हेडमास्तरांनी मधला मार्ग काढला. पत्र फायलीत राहील, ते कोणी वाचायची गरज नाही. फलकावर ‘स. का. गांगुर्डे, नौदल’ एवढे कोरू. सगळ्यांचे समाधान.

मला तो मार्ग पसंत पडला होता, हे मी लपवणार नाही. मी सहादूंकडे पाहिले.

“मी नौदलात नव्हतो साहेब. मोतीसागरवर व्हतो. लिवायचं तर लिवा, ‘ट्रॉलर मोतीसागर, इंजिन ड्रायव्हर’. तिचं नाव एकदा खरवडलंय. दुसऱ्यांदा मी खरवडू देनार नाय.”

फलकावर पलटणींची नावे असतात, मासेमारी बोटीचे नाव येणार नाही, असे बोरस्त्यांनी स्पष्ट सांगितले. मग राहू द्या, म्हणून सहादू निघाले. ते दारापर्यंत गेल्यावर बोरस्त्यांनीच मागून विचारले, बंद का केले नाही.

“पोरांनी लिवलंय. सवड झाली तर वाचा.”

सव्वीस जानेवारीला फलक उघडला. सात नावे होती. त्याच सकाळी, झेंडावंदनाच्या आधी, सातवी बने वर्गाबाहेरच्या व्हरांड्याच्या भिंतीवर दोऱ्या बांधून एकेचाळीस कागद ओळीने लावले. बेचाळिसावा कागद म्हणजे मुंबईच्या पत्राचे मराठी भाषांतर. ते कोणी लिहायचे असे मी वर्गाला विचारले होते. विमल उठली. तिने दुसरे वाक्य पहिल्याइतक्याच मोठ्या अक्षरात लिहिले.

लोक थांबून वाचू लागले. वीज केंद्रातले कामगार आपल्या मुलांचे कागद शोधत आले आणि सगळेच वाचत राहिले. कोणीतरी विचारले, हे आपल्या ॲडमिरलचे आहे काय. त्यावर एक म्हातारा फिटर म्हणाला की त्यांना ॲडमिरल म्हणू नका, ते ड्रायव्हर होते, इथे लिहिले आहे.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला बोलावले. कागद उतरवा म्हणाले. समितीने नाकारलेली गोष्ट शाळेच्या भिंतीवर लावणे म्हणजे समितीचा अपमान, शिवाय हुकूम मोडल्याची गोष्ट मुलांपुढे कशाला. मी म्हणालो, मुलांनी सहा महिने विचारून लिहिले आहे, त्यात एक शब्द खोटा असेल तर दाखवा, तो कागद मी काढतो. ते म्हणाले, हा प्रश्न खऱ्या-खोट्याचा नाही. मी म्हणालो, इतिहासात तेवढाच प्रश्न असतो.

मला लेखी समज मिळाली. एकतीस वर्षांच्या नोकरीतली पहिली. तिच्यावर उत्तर द्यायचे होते. मी लिहिले, ‘कागद भिंतीवर आहेत. मी ते उतरवणार नाही.’ खाली सही केली. वर्गात आलो तर मुले गणिते सोडवत बसली होती. त्यांना काही सांगितले नाही, पण त्यांना कळले होते. त्या दिवशी कोणी दंगा केला नाही, आणि मला ते अजिबात आवडले नाही. मी त्यांना मुद्दाम दहा मिनिटे लवकर सोडले.

फेब्रुवारीच्या मधल्या एका दुपारी माझा तास चालू असताना व्हरांड्यात खोकल्याचा आवाज आला. बोरस्ते होते. हातात टोपी, पायांत शेतातल्या वहाणा. पहिल्या कागदापासून त्यांनी सुरुवात केली. ते सावकाश वाचत, प्रत्येक कागदापुढे उभे राहून, ओठ हलवत. मी शिकवत राहिलो, मुलांचे मात्र लक्ष खिडकीकडे. विहिरीच्या कागदापाशी ते फार वेळ थांबले. मग दारात येऊन त्यांनी पेन्सिल मागितली. विमलच्या हातात होती, तिने नेऊन दिली. मी बाहेर गेलो.

कागदावर विमलने लिहिले होते की थंडीत इंजिन चालू करताना पेटते फडके धुराच्या नळीशी धरतात. बोरस्त्यांनी ‘धुराच्या नळीशी’ वर काट मारली आणि वर लिहिले, ‘हवा ओढते त्या तोंडाशी’. अक्षर मोठे, लष्करी.

“धुराच्या नळीशी धरून काय उपयोग?” ते विमलला म्हणाले. “इंजिन त्या नळीनं ओढत नाही, सोडतं. तुझा बाप असं सांगणार नाही. तूच चुकलीस.”

विमल म्हणाली, हो, माझंच चुकलं.

ते पुढचे कागद वाचत गेले. अकरा डिसेंबरची सकाळ. धुके, हवेची बाटली, खाली येणारा काटा. तो कागद त्यांनी दोनदा वाचला.

“आमच्याही विहिरीवर होतं असलं इंजिन,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “हुकूम मोडला तो मोडलाच, मास्तर. ते मी कधी बरोबर म्हणणार नाही.” मग म्हणाले, “पण बंद नसतं केलं कोणी.”

तेवढ्यात हेडमास्तर व्हरांड्याच्या टोकाशी आले. बोरस्त्यांना तिथे पाहून त्यांना धीर आला असावा. त्यांनी शिपायाला हाक मारली आणि लांबूनच विचारले, हवालदार, आता हे काढून टाकायला सांगतो, तुमची हरकत नाही ना.

बोरस्त्यांनी मान वळवली नाही. पेन्सिल कानावर खोचून ते पुढच्या कागदापाशी गेले.

“थांबा हो,” ते म्हणाले. “माझं वाचून व्हायचंय.”